आधी बंडी, मग हातमोजे : मोटरसायकलस्वारासाठी विजेवर तापणारे कपडे

पुण्यामुंबईच्या मोटरसायकलस्वाराची थंडीशी ओळख बहुधा पहाटेच्या ताम्हिणी किंवा माळशेज घाटापुरती असते. दोन तास काकडायचे, टपरीवर चहाच्या ग्लासाभोवती दोन्ही हात धरायचे आणि ऊन वर आले की जॅकेटची चेन उघडायची, एवढ्यावर आपले भागते. सप्टेंबरच्या अखेरीस मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूहून सकाळी लेहकडे निघालेल्याची गोष्ट वेगळी असते. पांग सुमारे ऐंशी किलोमीटर दूर, मध्ये पाच हजार मीटर उंचीची लाचुंग ला ही खिंड, आणि क्लच ओढणारी बोटे निघाल्यापासून अर्ध्या तासात लाकडासारखी झालेली. अशा प्रवासाची तयारी करणाऱ्या आणि विजेवर तापणारे कपडे पहिल्यांदाच विकत घेऊ पाहणाऱ्या वाचकासाठी हा लेख आहे. युरोप-अमेरिकेत राहून हिवाळ्यातही गाडी चालवणाऱ्या मराठी वाचकांनाही यातले बरेचसे लागू पडेल. त्यांच्या अडचणी थोड्या निराळ्या असल्याने त्यांच्याविषयी एक परिच्छेद पुढे आहे.

थंडी नेमकी कुठून लागते, हे आधी पाहू. हवामानखात्याच्या भाषेत ज्याला वाऱ्याचा गारठा म्हणतात, त्याच्या प्रचलित सूत्राने हिशेब केला तर हवेचे तापमान ५ अंश सेल्सिअस असताना ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला ते सुमारे उणे ३ अंशांसारखे जाणवते; शून्य अंशाला त्याच वेगात ते जवळजवळ उणे १० होते. पायी चालणारा हालचालीने ऊब निर्माण करतो, मोटरसायकलस्वार मात्र तासन्‌तास एकाच आसनात बसलेला असतो. त्यात दर हजार मीटर चढाईला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून पहिला बंदोबस्त वाऱ्याचा करावा. ज्या जॅकेटमधून वारा आरपार जातो, त्याच्या आत कितीही वॅटचा हीटर घातला तरी आपण रस्त्यालाच ऊब देत बसतो. जुन्या बुलेटवाल्यांची छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवण्याची युक्ती कुणाला हसण्यासारखी वाटेल, पण तिच्यामागचे शास्त्र बिनचूक आहे.

दुसरी गोष्ट हातांची. बोटे बधिर झाली की प्रत्येकजण प्रथम तापणाऱ्या हातमोज्यांकडे धावतो, आणि मीही धावलो होतो. परंतु धड गार पडू लागले की शरीर छाती-पोटातील ऊब राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकसून घेते आणि बोटांकडे जाणारे गरम रक्तच कमी होते. त्यामुळे धड गार ठेवून केवळ हातमोजे तापवले, तर तळव्याला चटका आणि बोटांच्या टोकांना बधिरपणा असा विचित्र अनुभव येतो. उलट धड उबदार असेल तर बऱ्याच वेळा साधे, चांगले अस्तर असलेले हातमोजे पुरतात. म्हणूनच पहिली खरेदी बिनबाह्यांच्या तापणाऱ्या बंडीची करावी, दुसरी हातमोज्यांची. पायमोजे आणि विजार नंतर, खरोखर गरज पडली तरच.

पहिली पायरी : गाडीकडे किती वीज शिल्लक आहे ते काढणे

दुकानात जाण्यापूर्वीचे हे काम आहे आणि नेमके हेच कुणी करत नाही. मोटरसायकलची वीज बॅटरी निर्माण करत नाही, ती फक्त साठवते. वीज तयार होते ती इंजिनासोबत फिरणाऱ्या अल्टरनेटरमध्ये, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक मॅग्नेट-कॉइल म्हणतात. त्याची क्षमता वॅटमध्ये गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. हा आकडा ठरावीक फेऱ्यांवरचा असतो आणि इंजिन नुसते सुरू ठेवून उभे राहिल्यास प्रत्यक्ष वीज त्याहून बरीच कमी मिळते, हे लक्षात ठेवावे.

समजा एखाद्या गाडीचा अल्टरनेटर २२० वॅटचा आहे. इंधनपंप, इंजेक्शन आणि इग्निशन मिळून सुमारे ८० वॅट, हॅलोजन हेडलाइट ६०, मागचा दिवा आणि मीटर १५, मोबाइलचा चार्जर १५. एकूण १७० झाले, उरले ५०. तापणारी बंडी साधारण ४० ते ५० वॅट खाते, पूर्ण बाह्यांचे जॅकेट ७५ ते १००, हातमोज्यांची जोडी २५ च्या आसपास. म्हणजे या गाडीवर बंडी कशीबशी बसते. बंडी आणि हातमोजे दोन्ही हवे असतील तर बंडी अर्ध्या जोरावर चालवावी लागेल, आणि मित्राच्या आग्रहाने बसवलेले जादा फॉगलाइट त्या वेळी बंद ठेवावे लागतील. हेडलाइट बंद करून वीज वाचवण्याची वाट आपल्याकडे खुली नाही. १ एप्रिल २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागतो. मुळातच एलईडी हेडलाइट असलेल्या गाडीवर मात्र तेवढीच शिल्लक वाढते.

शिल्लक वीज वापरल्याने मायलेज पडेल ही भीती अनाठायी आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांतील रेक्टिफायर-रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा भाग, नको असलेली वीज उष्णतेच्या रूपात वाया घालवतो. तीच वीज आपण अंगावर घेतो इतकेच.

दुसरी पायरी : कोणत्या व्होल्टचे घ्यायचे

बाजारात तीन जाती आहेत आणि जाहिरातीत तिन्ही सारख्याच दिसतात. पहिली पॉवर बँकवर चालणारी, ५ व्होल्टची. पॉवर बँकेच्या साध्या पोर्टमधून ५ व्होल्ट आणि २ अँपिअर मिळतात, म्हणजे १० वॅट. घरात किंवा बस थांब्यावर ही बंडी उबदार वाटते. ताशी साठच्या वाऱ्यात दहा वॅटचा काही पाड लागत नाही. मोटरसायकलसाठी ही जात मी विचारातही घेणार नाही.

दुसरी जात ७.४ व्होल्टची, दोन लिथियम सेल असलेली. हातमोज्यांमध्ये ही सर्रास आढळते, प्रत्येक मोज्याच्या मनगटापाशी एक बॅटरी. गाडीला तार जोडावी लागत नाही, हा हिचा मोठा गुण. हिशेब असा : ७.४ व्होल्ट गुणिले २.२ अँपिअर-तास म्हणजे सुमारे १६ वॅट-तास. एका मोज्याला पूर्ण जोरावर ८ ते १० वॅट लागले तर जेमतेम दीड-दोन तास भरतात, आणि थंडीत बॅटरीचा दम आणखी कमी होतो. ज्याची गाडी लहान आहे, अल्टरनेटरमध्ये शिल्लक नाही आणि ज्याला फक्त खिंड ओलांडण्यापुरती ऊब हवी आहे, त्याच्यासाठी ही निवड योग्य ठरते.

तिसरी जात १२ व्होल्टची, गाडीच्या बॅटरीला थेट जोडली जाणारी. इंजिन चालू आहे तोपर्यंत ऊब मिळत राहते, म्हणून रोज सहा-आठ तास चालवणाऱ्याने हीच घ्यावी. मोटरसायकलस्वारांसाठी असे कपडे १९७० च्या दशकात अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात गॉर्डन गर्बिंग यांनी बनवायला घेतले. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन बॉम्बर विमानांतील सैनिकांना २४ व्होल्टवर तापणारे सूट दिले जात. त्यांपैकी सुरुवातीच्या सूटांमध्ये तारा एकसर जोडणीत होत्या, त्यामुळे एका जागी तार तुटली की अख्खा सूट थंड पडे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये समांतर जोडणी आली. विक्रेत्याला आजही हा प्रश्न विचारावा : एक पट्टा बंद पडला तर बाकीचे चालू राहतात का? उत्तर न देता तो रंग दाखवू लागला तर पुढचे दुकान पाहावे.

खरेदी करताना वॅट किंवा अँपिअरचा आकडा कपड्यावर अथवा खोक्यावर छापलेला आहे की नाही ते पाहावे. नुसते '६५ अंशांपर्यंत तापते' एवढेच लिहिले असेल तर त्यावरून काहीही कळत नाही. बंडी अंगासरशी बसणारी हवी. सैल बंडीतील उष्णता हवेच्या पोकळीतच राहते. आपल्या नेहमीच्या मापापेक्षा एक माप लहान घेऊन, त्यावर रायडिंग जॅकेट चढवून, वाकून हँडल धरल्यासारखे बसून पाहावे.

तिसरी पायरी : जोडणी

येथे थोडे सावकाश जाऊ, कारण या कपड्यांच्या बहुतेक तक्रारी कपड्यांच्या नसून जोडणीच्या असतात.

माझ्या पहिल्या बंडीची जोडणी एका ओळखीच्या गॅरेजमध्ये झाली. तेथील कारागिराने सीट काढण्याचा त्रास वाचवण्यासाठी हॉर्नच्या तारेलाच जोड मारला. पुण्यात तपासले तेव्हा सगळे उत्तम चालले. अटल बोगद्यातून बाहेर पडून टांडीच्या पेट्रोल पंपावर थांबलो, तेव्हा मागून येणारा सोबती म्हणाला, "अरे, तुझा ब्रेकलाइटच लागत नाहीये." हॉर्नही वाजत नव्हता. त्या फ्यूजवर हॉर्न आणि ब्रेकलाइट दोन्ही होते, बंडीने पूर्ण जोर घेताच फ्यूज उडाला होता आणि वळणावळणाच्या रस्त्यावर किती किलोमीटर मी तसाच आलो ते मला कळलेही नव्हते.

म्हणून गाडीच्या मूळ तारांना हात न लावता, बॅटरीपासून स्वतंत्र लाइन काढावी. लागणारे सामान असे : १५ अँपिअरपर्यंतच्या फ्यूजला चालेल अशी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक तार, वॉटरप्रूफ फ्यूज होल्डर, चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले (लहानशा प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीच्या स्क्रूखाली बसणारे गोल लग (तारेच्या टोकाला लावायच्या धातूच्या कड्या), आणि कपड्याच्या पिनेला जुळणारा सॉकेट. फ्यूज किती अँपिअरचा ते वॅट भागिले व्होल्ट करून ठरते. ७५ वॅटचे जॅकेट १३.८ व्होल्टवर सुमारे साडेपाच अँपिअर ओढते. हातमोजे धरले तर सव्वासात. केवळ जॅकेटला ७.५, दोन्हींना १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालू नये, तार कुठे घासली आहे ते शोधावे.

काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवावी आणि शेवटी जोडावी. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत असावा, म्हणजे पुढे कुठेही तार फ्रेमला टेकून शॉर्ट झाली तरी आग लागण्याआधी फ्यूज उडेल. रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला फ्यूजमधून आलेली तार, ८७ ला सॉकेटची पॉझिटिव्ह, ८५ ला निगेटिव्ह आणि ८६ ला किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणारी एखादी तार, उदाहरणार्थ मागच्या दिव्याची, जोडावी. रिलेची गुंडाळी अँपिअरचा लहानसा अंशच घेते, त्यामुळे दिव्याच्या तारेवर भार पडत नाही, आणि मूळ तार न कापता तिथल्या कनेक्टरमधूनच ती घेता येते. रिलेचा फायदा पहिल्याच धाब्यावर कळतो : किल्ली काढली की बंडी बंद. रिले न बसवता बॅटरीवर थेट जोड दिलेल्या गाड्या जेवण उरकेपर्यंत थंड पडलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि चार हजार मीटर उंचीवर गाडीला धक्का मारणे हा वेगळाच व्यायाम आहे.

सॉकेट सीटच्या पुढच्या डाव्या कडेशी, मांडीजवळ बाहेर काढावा. तार सायलेन्सरपासून दूर ठेवावी आणि हँडल दोन्ही बाजूंना लॉकपर्यंत वळवून ती कुठे ताणली जात नाही ना ते पाहावे. जोड इतकाच घट्ट असावा की उतरताना पिन काढायला विसरलो तर ती आपोआप सुटून येईल; टाय लावून तो पक्का करू नये. नवी गाडी वॉरंटीत असल्यास अशी जोडणी चालेल का, हे सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घेतलेले बरे.

युरोपात राहणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो : बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांचा अल्टरनेटर पाचशे वॅटच्या आसपास असतो, त्यामुळे विजेची ददात नसते; पण गाडीसोबत आलेला बारीक सॉकेट गाडीचा संगणक नियंत्रित करतो आणि ठरावीक अँपिअरपलीकडे तो स्वतःच बंद करतो. जॅकेट पाच मिनिटांत थंड पडते ते कपड्याच्या दोषाने नव्हे. तेथेही वर सांगितलेली बॅटरीपासूनची स्वतंत्र लाइनच उपयोगी पडते.

चौथी पायरी : घरी चाचणी

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर जवळ बाळगावा. इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू करून, हेडलाइट चालू ठेवून, बंडी आणि हातमोजे पूर्ण जोरावर लावून प्रवासात असतात तेवढ्या फेऱ्यांवर पुन्हा मोजावे. साडेतेराच्या वर दिसले तर निश्चिंत व्हावे. १३ च्या खाली घसरत राहिले तर आपण बॅटरीतील साठा खात आहोत आणि कपड्याचा जोर कमी केला पाहिजे, असे समजावे. हीच चाचणी इंजिन नुसते सुरू ठेवून केली की आकडा कसा पडतो ते दिसते, आणि दरड कोसळून रस्ता बंद असताना रांगेत बंडी का बंद ठेवायची हे पुन्हा कुणाला सांगावे लागत नाही.

त्यानंतर एक पहाट तरी अशी शोधावी की जेव्हा खरोखर थंडी आहे. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते त्या दिवसांत पुण्याहून पहाटे निघून पाचगणी गाठली, तर कुठे तार टोचते आणि कुठे वारा शिरतो ते घराजवळच कळते.

पाचवी पायरी : घालणे आणि चालवणे

सर्वांत आत पातळ, अंगाला चिकटणारा थर्मल घालावा, त्यावर तापणारी बंडी, मग गरज असल्यास पातळ स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जॅकेट. बंडीच्या आत जाड स्वेटर घातला तर ऊब अंगापर्यंत पोहोचत नाही. उघड्या त्वचेवर मात्र बंडी कधीही घालू नये. सुमारे ४४ अंशांचा स्पर्शही कित्येक तास एकाच जागी राहिला तर त्वचा भाजू शकते, आणि बधिर झालेल्या किंवा मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्या हातापायांना ते कळत नाही. पेसमेकर असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

बंडी कुडकुडायला लागल्यावर नव्हे, निघतानाच मंद जोरावर लावावी. हुडहुडी भरल्यानंतर पूर्ण जोर लावला तर अंग गरम व्हायला फार वेळ लागतो, आणि मग चढावर घाम येऊन थर्मल ओला होतो. ओला थर्मल खिंडीत बर्फासारखा लागतो. नियंत्रक घेताना फक्त चालू-बंद असा न घेता जोर कमी-जास्त करणारा घ्यावा. तो वीज क्षणाक्षणाला चालू-बंद करून सरासरी वॅट कमी करतो, म्हणून अर्ध्या जोरावर अल्टरनेटरवरचा सरासरी भारही अर्धाच राहतो. त्याचे बटण मोजे घालून चाचपडता येईल अशा जागी असावे.

हातांबाबत एक स्वस्त पर्याय सांगितलाच पाहिजे. उत्तर भारतात हिवाळ्यात सायकल-स्कूटरच्या दुकानांतून हँडलवर चढवायची अस्तराची कव्हरे मिळतात. दिसायला ती कोपरापर्यंतच्या उशीच्या अभ्र्यासारखी असतात आणि छायाचित्रात शोभत नाहीत, पण वारा पूर्ण अडवतात. तापणारे ग्रिप तळवा गरम करतात, वारा मात्र बोटांच्या पाठीवर आदळतो. म्हणून ग्रिपसोबत हँडगार्ड किंवा अशी कव्हरे असतील तर कित्येकांना तापणाऱ्या मोज्यांची गरजच उरत नाही. आधी पाच-सहाशे रुपये यावर खर्च करून पाहावेत.

आणखी एक पथ्य : वीज बंद पडली तरी पुढच्या वस्तीपर्यंत पोहोचता येईल इतके साधे गरम कपडे सामानात असलेच पाहिजेत. फ्यूजचे दोन-तीन जादा नग सीटखाली चिकटवून ठेवावेत. अंग उबदार आहे म्हणून उंचीचा त्रास होत नाही असेही समजू नये. डोके दुखणे, मळमळणे, धाप लागणे यांच्याशी बंडीचा काही संबंध नाही, त्यांना खाली उतरणे हाच उपाय आहे.

गाडी ट्रकने पाठवून स्वतः विमानाने लेहला जाणाऱ्यांनी हातमोज्यांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात टाकू नयेत; त्या हातातील बॅगेतच न्याव्या लागतात, आणि प्रत्येकी १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. लेहनंतर त्या बॅटऱ्या रात्री खोलीत, अंथरुणाजवळ ठेवून चार्ज कराव्यात. शून्याखालील तापमानात लिथियम बॅटरी चार्ज केली तर ती कायमची बिघडते, त्यामुळे तंबूबाहेर जनरेटरच्या तारेला लावून ठेवण्याचा मोह टाळावा.

प्रवासाहून परतल्यावर

बॅटरी आणि नियंत्रक काढून, पिनेवर टोपण घालून बंडी कोमट पाण्यात हाताने धुवावी. पिळू नये, इस्त्री करू नये, ड्रायक्लीनिंगला तर मुळीच देऊ नये. सावलीत हँगरवर टांगावी आणि नंतरही घडी न घालता टांगूनच ठेवावी, कारण तारा आणि कार्बनचे पट्टे नेमके घडीवर तुटतात. लिथियम बॅटऱ्या अर्ध्या चार्जवर कोरड्या जागी ठेवाव्यात.

कपडा नवा असतानाच मल्टिमीटरने त्याचा रोध मोजून ठेवावा. ७५ वॅटच्या जॅकेटचा तो सुमारे अडीच ओहम, साडेबारा वॅटच्या एका हातमोज्याचा पंधराच्या आसपास भरतो. नियंत्रक बाजूला ठेवून थेट कपड्याच्या पिनेवरच मोजावे. माझ्या बंडीच्या आतल्या लेबलवर बॉलपेनने '४.१' असे लिहिलेले आहे. दर ऑगस्टमध्ये बॅग भरण्याआधी मी तो आकडा पुन्हा ताडून पाहतो. मागच्या वर्षी मीटरने ६.२ दाखवले. पाठीचा पट्टा हाताला गार लागत होता आणि तिसऱ्या टाक्याखाली तुटलेली तार सापडली.